सगुणाच्या देखत

१ सप्टेंबर २०००, शुक्रवार

सगुणाने मला खाताना पाहिलं.

शेजारच्या काशीवहिनी दर गणेश चतुर्थीला मोदक आणून देतात. बावीस वर्षं खात आले आहे – देवापुढे ठेवलेले असतात हे ठाऊक असून. मी ख्रिस्ती, त्या हिंदू. नाताळात माझ्या करंज्या त्याही खातात. आज दारातच उभी राहून मोदक फोडला, वर तूप घातलं, आणि दवाखान्यातली पाळी संपवून सगुणा मागच्या दाराने आत आली.

"बाई, शेजारचा प्रसाद ना तो?"

"हो."

"माहीत असून खाल्लात?"

उत्तराची वाट न बघता मागच्या खोलीत गेली. जेवली नाही.

२ सप्टेंबर

सकाळी तिने चहा वेगळा केला, आपल्यापुरता.

मला कळायला हवं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा बाप्तिस्मा झाला. नवरा लवू मच्छीमार लाँचवर खलाशी. त्याने तेव्हा काही म्हटलं नाही. पण गणपतीत सासूने सगळ्या भावकीसमोर प्रसाद पुढे केला, आणि ही म्हणाली, "मला चालणार नाय." त्याच दिवशी लवूने हिचं गाठोडं दारात ठेवलं. मिरकरवाड्याहून भर पावसात चालत माझ्याकडे आली. वर्ष झालं – माझ्या मागच्या खोलीत राहते, दवाखान्यात आयाचं काम करते.

दुपारी समजावायला गेले. "सगुणा, देव एकच आहे हे आपण मानतो ना? मग मोदक म्हणजे तांदळाचं पीठ, खोबरं आणि गूळ. खाल्ल्याने काय बिघडतं?"

"मग मी खाल्लं असतं तरी चाललं असतं?"

मी उठायला लागले.

"मग मी घर कशाला सोडलं, बाई?"

३ सप्टेंबर, रविवार

सगुणा चर्चमध्ये उपासनेला आली नाही. पहिल्यांदाच.

मंडळीत बातमी पोचलेली. वडीलधारे सखारामभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवू नये. मूर्तीचं खातात." मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं – "सगुणा म्हणजे अतीच करते." मला दोघांचाही राग आला. एकाला माझं खाणं दिसतं, दुसऱ्याला तिचं न खाणं. घर गेलं ते कोणाला दिसत नाही.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना नंतर विचारलं, मी चुकले का?

"तुम्हाला मोकळीक आहे, बाई. ती कोणी काढून घेऊ शकत नाही." मग चप्पल घालता घालता म्हणाले, "पण तुम्ही मोकळ्या आहात तर थांबायलाही मोकळ्या आहात की."

मला ते आवडलं नाही. अजून आवडलेलं नाही.

४ सप्टेंबर

मी शिकवते त्या शाळेला गणपतीची सुट्टी. दिवसभर घर आवरलं, उगाच. आरत्या ऐकू येतात चहूकडून. माझ्या ताटावर कोणाची सत्ता का असावी? पन्नाशी उलटली माझी.

५ सप्टेंबर

सगुणाचं गाठोडं बांधलेलं दिसलं.

"लवू भेटलेला दवाखान्याच्या फाटकाशी," ती म्हणाली. "गौरी बसल्यात. त्याची आई बोलवतेय. प्रसाद घेतलास की सगळं मिटलं, म्हणाला."

"आणि तू घेणार?"

"घेते ना. तुमच्यासारखी शिकलेली बाई खाते."

"तुला ते पाप वाटतं की नाही?"

"वाटतं."

"मग?"

"मग काय? एकटीने किती दिवस झेलायचं, बाई? मला वाटायचं, तुम्ही आहात माझ्यासोबत."

जमिनीवरच बसले तिच्याशेजारी. मी काय केलं ते आत्ता कळलं. माझं मन मोकळं होतं म्हणून मी खाल्लं. तिचं मन नाही म्हणत असताना ती खाणार – माझ्याकडे बघून. म्हटलं, "यापुढे नाही खाणार मी. मला पाप वाटतं म्हणून नाही. तुझ्यासाठी."

"माझ्यावर उपकार नकोत."

"उपकार नाहीत. तू एकटी नाहीस, एवढंच."

गाठोडं सोडलं नाही तिने. पण गेलीही नाही.

६ सप्टेंबर

काशीवहिनी घावनं घेऊन आल्या, गौरीच्या नैवेद्याची. मी हात पुढे केला नाही. सगळं सांगितलं – सगुणाचं, सासूचं, गाठोड्याचं. त्या ताट धरून उभ्याच.

"बावीस वर्षांनी माझा देव वाईट झाला?"

"तसं नाही हो, वहिनी."

"मग कसं?"

मला नीट सांगता आलं नाही. शब्द सगळे मंडळीतले, त्यांच्या उपयोगाचा एकही नाही. ताट घेऊन परत गेल्या. पायरीवर जरा अडखळल्या, मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

सगुणा आतून ऐकत होती. संध्याकाळी तिने दोघींचा चहा केला. माझा कप तसाच निवला.

९ सप्टेंबर

काशीवहिनींनी मागचं, परड्याकडचं दार उघडलं नाही, तीन दिवस झाले. एकीला जपताना दुसरीला दुखवलं. हेच का प्रेम? पाळकसाहेबांना विचारायचं होतं, गेले नाही.

१३ सप्टेंबर

झोप नाही, कशात लक्ष नाही. सगुणा मात्र रविवारी उपासनेला आली. सखारामभाऊंनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. त्यांना वाटतं त्यांचं ऐकलं मी.

१७ सप्टेंबर, रविवार

लवू आला आणि सगुणाला घेऊन गेला. प्रसाद खायची अट नाही. रविवारी ती उपासनेला येणार, तोच सोडायला येणार.

मी विचारलं, सासू कशी तयार झाली?

"तुमच्या शेजारच्या काकी आलेल्या," लवू म्हणाला. "दोन वेळा. आईला बोलल्या – माझी शेजारीण माझ्या घरचं खायची बंद झाली. राग आलाय मला, अजून आहे. पण राग आला म्हणून माणूस दाराबाहेर काढायचं?"

काशीवहिनी माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. मी आत्ता त्यांच्याकडे जाते आहे.