दुसऱ्या ब्रेकचा दिवा

तीर्थस्वरूप बाबा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताची दोन बोटं सोल्डरिंग करताना भाजली आहेत, त्यामुळे हात नीटसे जुळत नाहीत, पण भाव पोचवून घ्यावा.) आपले गुडघे कसे आहेत? जिना चढताना त्रास होतो असं आई फोनवर म्हणाल्या, आणि मागून आपण "काही होत नाही" म्हणून ओरडलात तेही ऐकू आलं, त्यामुळे दोन्ही बाजू समजल्या. आईंची रक्तदाबाची गोळी चालू असेलच. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, आपली कन्या आणि आमची शिकाऊ गाडी, धडधाकट आहोत. पुढचं मात्र खुर्चीत टेकून वाचावं. मी स्वतः अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगावं ते कळत नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आमचं ड्रायव्हिंग स्कूल बंद पडेल.

आपली कन्या ज्या दवाखान्यात नर्स आहे तिथे घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या पेशंटना बघायचं नवं काम निघालंय, हे तिने आपल्याला सांगितलंच असेल. ते काम तिला हवंय. किती हवंय म्हणाल, तर गेला महिनाभर ती माझ्या ओल्या टॉवेलबद्दल एक शब्द बोललेली नाही, सगळं लक्ष तिकडे. दवाखाना गाडी देणार, पण चालवणारा देणार नाही, आणि हजर व्हायच्या तारखेला हातात परवाना नसेल तर ती जागा दुसरीला जाणार. आता ज्या बाईचा नवराच लोकांना गाडी शिकवतो तिला परवाना म्हणजे घरचंच काम, असं सगळ्यांनी धरून चाललं, मीही धरून चाललो. आणि पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. बाबा, माझ्या पायाखालची जमीन सरकली. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, बाई गाडी चांगली चालवतात, पण वळण आलं की हात-पाय आखडून शेजारच्या सीटकडे बघत बसतात, जसा काही ब्रेक तिकडून येणार आहे. मी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याचा अर्थ असा लावला की मागच्या गाड्यांच्या हॉर्नने ती बुजते. तारखेच्या आत परीक्षा देण्याची आता एकच संधी उरली होती. तेव्हा तिला सुधारण्याआधी मागच्या गाड्यांना सुधारावं असं मी ठरवलं. (तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं.)

आमच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा माझ्या. शिकणाऱ्याचं काही चुकलं की मी माझा दाबतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. मागचा बेसावध असतो, तो कसाबसा थांबतो आणि खाली उतरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. माझी योजना साधी होती. छपरावर शाळेची पाटी आहे, तिच्या मागे पिवळ्या एलईडी दिव्यांची पेटी बसवायची आणि तिची वायर खाली आणून माझ्या ब्रेकखालच्या बटणाला जोडायची. माझा पाय नुसता टेकला तरी वर लखलखाट. जगाला कळावं, की आत शिकणाऱ्याच्या हातून चूक झालेली आहे, अंतर राखा. असे दिवे बाजारात तयार मिळतात, आणि आपल्या कन्येने तसा एक घेऊन यावा असं सुचवलंही. पण जो माणूस लोकांना गाडीचं इंजिन फळ्यावर काढून समजावतो त्याने साधा दिवा विकत आणायचा म्हणजे काय. मी कानाडोळा केला.

एलईडीला रेझिस्टर लावावा लागतो, म्हणजे करंटला लगाम घालावा लागतो, हे मला माहीत होतं. पण रेझिस्टर आणायला पुन्हा दुकानात जावं लागणार होतं, आणि बॅटरीला नुसते क्षणभर टेकवून बघायला काय हरकत आहे असं वाटलं. ते दिवे एकदाच पेटले, पण काय सुंदर पेटले. मग वास आला. दुसऱ्या खेपेला रेझिस्टर लावले तर अर्धी पेटी उजळ आणि अर्धी काळोखी. एलईडीचे पाय उलटे लावले तर ते पेटत नाहीत, आणि मी ते मनाला येईल तसे लावले होते. मग ते उघडझाप करावेत म्हणून जुन्या इंडिकेटरचा फ्लॅशर जोडला, तर एलईडी इतका थोडा करंट घेतात की आपल्याला काही जोडलंय हेच त्या फ्लॅशरच्या गावी नव्हतं, तो ढिम्म. नवा आणला. पेटी म्हणून स्वयंपाकघरातला लांबट पारदर्शक डबा घेतला (तो रिकामा नव्हता, हे मला नंतर जोरात सांगण्यात आलं), आणि त्याला भोक पाडताना झाकण तडकलं म्हणून दुसरा घेतला. शेवटी माझी बोटं भाजली तेव्हा आपल्या कन्येने आधी मलम लावलं, मग माझ्या हातातून सोल्डरिंगची गन काढून घेतली आणि उरलेले सगळे जोड एका बैठकीत करून टाकले. ज्या हाताला तान्ह्या मुलाची शीर सापडते त्या हाताला वायर काय जड. ती वर मान न करता म्हणाली, "वायर मधे कुठेतरी सुटी करता आली पाहिजे. धुताना पेटी काढावी लागेल." मी मोठ्या मनाने तेवढं मान्य केलं.

दिवा बसला, आणि पहिल्या दिवसापासून असा लखलखू लागला की विचारू नका. मागच्या गाड्या लांब राहू लागल्या. एका पेन्शनर गृहस्थांनी तर आम्हाला सरकारी गाडी समजून छत्री खाली घेतली आणि सलाम केला. कन्या गाडी सुरू करते न करते तोच दिवा पेटायचा, वळणावर पेटायचा, वळणाच्या आधी पेटायचा, समोर लांबवर कुणी रस्ता ओलांडायच्या विचारात दिसलं की पेटायचा. मी तिला रोज घरी आल्यावर सांगत असे, की बघ, दिवा खोटं बोलत नाही, चुका किती होतात ते सगळा रस्ता बघतोय. ती यावर काही बोलत नसे. (आपल्या घरातून आलेल्या बाईचं गप्प बसणं म्हणजे काय ते मी आपल्याला सांगायला नको.) आमच्या ऑफिससमोर एक शिंपी आहेत. त्यांचं मशीन खिडकीशी आहे आणि आमचा सरावाचा अख्खा रस्ता त्यांना दिसतो. ते आणि त्यांची गिऱ्हाइकं दिव्याकडे बघून हसतात हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला तिची कीव आली. खरं सांगतो, तिची आली.

मग मला शंका आली की भर उन्हात हा दिवा लांबून दिसतो की नाही. ते बघायचं तर मी बाहेर उभं राहायला हवं. म्हणून तिच्या दवाखान्यातल्या मेट्रन बाईंना, ज्यांच्याकडे कित्येक वर्षांचा परवाना आहे, माझ्या सीटवर बसवलं, दुसऱ्या ब्रेकचा पाठ समजावला, आणि मी शिंप्यांच्या दारात उभा राहिलो. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळली, भाजीवाल्यांच्या मधून गेली, शाळेपाशी पोरं ओलांडून जाईपर्यंत थांबली, चढावर थांबून पुन्हा निघाली, मागे येऊन दोन गाड्यांच्या मधे उभीसुद्धा राहिली. आणि दिवा काही लागला नाही. एकदाही नाही. इतकी मेहनत केलेला दिवा बिघडला. मी हातवारे करत रस्त्याच्या मधोमध धावलो, गाडी थांबवली, बॉनेट उघडून फ्यूज बघितला, टपावर चढून पेटी उघडली, प्रत्येक जोड चाचपला. मागे गाड्यांची रांग लागली, पण मला त्याचं भान नव्हतं. सगळं ठीक होतं. मेट्रन बाई खाली उतरल्या, मी आत बसलो, कन्येने पहिला गिअर टाकला, आणि गाडी हलायच्या आत डोक्यावर लखलखाट सुरू झाला. खिडकीतून शिंपी म्हणाले, "झाला की दुरुस्त, सर."

बाबा, मी सुन्न झालो. मी खाली वाकून बघितलं तर माझा पाय ब्रेकवर होता, आणि तो तिथे कधी गेला हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे इतके दिवस रस्ताभर जो दिवा पेटत होता तो तिच्या चुकीचा नव्हता, माझ्या भीतीचा होता. आणि हे शिंप्यांना माहीत, भाजीवाल्यांना माहीत, पोरांना माहीत. जो माणूस स्वतःच्या घाबरटपणाची जाहिरात स्वतःच्या हाताने करून, ती डब्यात घालून गाडीच्या टपावर मिरवतो, त्याला काय म्हणावं? मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. एवढंच म्हणाली, "आता मांडी घालून बसा."

तेव्हापासून मी सीटवर मांडी घालून शिकवतो. सुरुवातीला पायाला मुंग्या यायच्या, एका वळणावर तर मी दाराचं हँडल उपटून हातात घेतलं, पण पाय खाली सोडला नाही. आणि ती शेजारी बघायची थांबली. हे कसं झालं ते मला विचारू नका. मी ज्याला बुजणं समजत होतो ते माझ्या पायाची वाट बघणं होतं, आणि पाय येणार नाही म्हटल्यावर तिचा स्वतःचा आपोआप ब्रेकवर जायला लागला. एवढी वर्षं हा धंदा करून मला हे कळू नये याचा मला जो धक्का बसलाय तो या पत्रात मावणार नाही.

काल परीक्षा झाली. आमचीच गाडी, साहेब माझ्या जागी, आणि मला मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं केलेलं. दुसऱ्या ब्रेकवर साहेबांचा पाय पडला तर दिवा लागणार, आणि दिवा लागला तर तिची नोकरी गेली, हे मला त्या कुंपणाशी उभं राहून कळत होतं. उमेदवारांबरोबर आलेली बाकीची मंडळी गाडीकडे बघत होती, मी फक्त डब्याकडे. चढ झाला, रिव्हर्स झाला. मग वळणावर एक कुत्रं कुठूनसं आलं आणि नेमकं गाडीपुढे येऊन उभं राहिलं. मी कुंपणाच्या तारेला हात घातला. गाडी थांबली, आपली आपण, आणि दिवा शांत. कुत्रं निघून गेलं, गाडीही निघाली. बाबा, आपली कन्या पास झाली. तो दिवा लागला नाही याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा तो पहिल्यांदा लागला तेव्हाही झाला नव्हता. घरी येईपर्यंत मी मागच्या सीटवर बसून होतो आणि डोळ्यांत काहीतरी जात होतं, हे तिने आरशात बघितलं असणार. आता माझी खात्री पटली आहे की ती जगात कुठेही एकटी गाडी नेईल. माझ्या मनात तिच्याबद्दल तिळभरही धास्ती उरलेली नाही.

आईंना नमस्कार सांगावा आणि गुडघ्यांना तेल चोळावं.

आपला,
जावई

ता. क. रविवारी ती दवाखान्याची नवी गाडी घेऊन आपल्याकडे एकटी यायचं म्हणते आहे. आपला शब्द ती मोडत नाही. तेव्हा आपण सहज फोन केल्यासारखं करून, जावयालाही घेऊन ये, त्याला बघून बरेच दिवस झाले, असं म्हणावं. मी मागे बसेन. हे मी सुचवलं हे तिला कळू देऊ नये.

आणखी ता. क. आपल्या घराच्या अलीकडचं ते आंधळं वळण अजून तसंच आहे का? शक्य असेल तर रविवारी सकाळी आपण किंवा आईंनी तिथे उभं राहून बघावं. गुडघ्यांना चालण्याचा व्यायामही होईल.

बाबा, हे खालचं अक्षर माझं आहे. पत्ता लिहायला ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, ते चिकटवलेलं नव्हतं. तुम्ही फोन करू नका, रविवारी मी ह्यांना आणतेच आहे, आणि आईला त्या वळणावर पाठवू नका. परीक्षेत कुत्रं आलं तेव्हा मी ब्रेक दाबला, पाठोपाठ साहेबांनीही दाबला. माझा पाय आधी पडला होता हे त्यांनी बघितलं, म्हणून पास केलं. दिवा लागला नाही, कारण सकाळी गाडी पुसताना मी त्याची वायर सोडवून ठेवली होती. लागला असता तर हे कुंपणावरून उडी मारून मैदानात आले असते. पण हे सगळा वेळ त्या डब्याकडे बघत उभे राहिले, आणि दिवा बिघडला असेल असं या वेळी त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मला परवान्यापेक्षा त्याचाच जास्त आनंद झाला. वायर मी घरी आल्यावर परत जोडली आहे. त्यांना सांगू नका.