चार कोपरे, दोन माणसं

३ मार्च, सोमवार
साडेसहाला कार्ड पंच केलं. दिवसभर चादरी. तीनला सुटलो. जोडीदार आजपासून शिफ्ट मॅनेजर झाला. विशेष काही नाही.

संध्याकाळी सहा : वरची नोंद अपुरी वाटते. पाच महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हा बहिणीने ही वही आणून दिली. मनातलं लिहीत जा म्हणाली. मनात काही नसल्यामुळे वही आजपर्यंत कोरी होती.

तर, आमची कंपनी मोठी आहे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुते, एकट्या आमच्या केंद्रात दिवसाला नऊ हजार. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर येते. दोन माणसं दोन-दोन कोपरे धरतात, मागे सरतात, ताणतात, मग एकमेकांकडे चालत येतात. झाली घडी. अकरा वर्षं माझ्यासमोर जोडीदार होता. रोलरच्या आवाजात बोलायची सोय नाही, सगळं नजरेनं चालायचं. आता तो काचेच्या केबिनमध्ये बसतो. तासाच्या पगारावरचा माणूस महिन्याच्या पगारावर गेला. कार्ड पंच करणं बंद.

मला आनंदच आहे. घरी आल्यावर पित्त झालं. चहा जास्त झाला असावा.

४ मार्च, मंगळवार
केबिनमधल्या खुर्चीला चाकं आहेत. फाइल घ्यायला जोडीदार उठत नाही, बसल्या बसल्या घरंगळत जातो. आज सात वेळा गेला. मी मुद्दाम मोजलं नाही, रोलर केबिनच्या समोरच आहे. चहा त्याला कान असलेल्या कपात येतो, आम्हाला कागदी. मला कप नको आहे. फक्त नोंद.

माझ्यासमोर पॅकिंगमधली एक मुलगी दिली आहे. मी तिचं नाव वादळ ठेवलं आहे, अर्थात मनात. मी मागे सरेपर्यंत तिची घडी घालून झालेली असते. मला म्हणाली, काका, चादर आहे ती, तान्हं बाळ नाही, एवढं जपून काय धरता. मी उत्तर दिलं नाही. तिला ते बोचलं असणार.

पित्त.

६ मार्च, गुरुवार
बायको गेल्यापासून जोडीदाराच्या घरून, वहिनींकडून, माझाही डबा येतो. दुपारी आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर बसून खायचो. आज त्याने केबिनच्या दारातून सगळ्यांसमोर हाक मारली की ये रे, इथेच जेवू. मी हातानेच नको म्हटलं. साहेबाच्या मागे-पुढे करतो असं लोकांनी म्हणायला नको. पाच बिस्किटं खाल्ली. त्याने डबा माझ्या लॉकरपाशी आणून ठेवला. तो घरी येऊन खाल्ला. अन्न टाकू नये, एवढ्यासाठी.

८ मार्च, शनिवार
बोर्डावर सूचना : दुपारच्या पाळीला आणखी एक शिफ्ट मॅनेजर हवा. तासावरच्या लोकांमधूनच घेणार. मुलाखती १८ आणि १९ तारखेला.

जोडीदार अर्ज घेऊन थेट रोलरपाशी आला आणि कानात ओरडला की आजच भरून दे, मी वर शब्द टाकलाय. म्हणजे मी मॅनेजर झालो तर याच्या शब्दामुळे झालो. डाव ओळखला. अर्ज भरला, पण त्याने सांगितलं म्हणून नाही. स्वतःहून.

‘स्वतःमधील उणिवा’ या रकान्यात ‘नाहीत’ असं लिहिलं.

९ मार्च, रविवार
घरच्या चादरी कपाटात कोंबून ठेवल्या आहेत. पूर्वी रविवारी बायको आणि मी मिळून घड्या घालायचो. माझ्या हातून नेमका कोपरा सुटायचा. मग ही म्हणायची, तुम्ही घरी बसा, कंपनीत मी जाते. घड्या घालायच्या राहिल्या आहेत. मॅनेजर झालो की वेळ मिळेल.

१० मार्च, सोमवार
संकल्प : मॅनेजरला बोलावं लागतं. म्हणून रोज तीन माणसांशी प्रत्येकी एक वाक्य.

वॉचमनला कसं काय विचारणार होतो, तो फोनवर होता. पण माझी मान हलली, ते धरायला हरकत नाही. वादळाला म्हणालो की आज चादरी जास्त आहेत. आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिने कान पुढे केला. पुन्हा म्हणण्याएवढं ते वाक्य महत्त्वाचं नव्हतं. घरी येताना लिफ्टमध्ये ‘तिसरा मजला’ म्हणालो. लिफ्टमध्ये एकटाच होतो, पण उच्चार स्पष्ट होता.

एकूण तीन. संकल्प पूर्ण.

१२ मार्च, बुधवार
पुढाकार घेतला. बोर्डावर कागद लावला : १. समोरच्याच्या वेगानं चालावं. २. घडी घालताना समोर पाहावं. ३. हसू नये. सही केली नाही, अधिकार अजून यायचा आहे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली कोणीतरी लिहिलं : ४. समोर कोण आहे ते पाहून मगच हसावं. वादळ दिवसभर खुशीत होती.

जोडीदाराने कागद काढला नाही, मला बोलावलंही नाही. काचेतून नुसती भुवई उडवली. पूर्वी चादरीला भोक दिसलं की उडवायचा, तशी. मॅनेजरला हे शोभत नाही. त्याच्या चुकांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर सुरू केली आहे, कंपनीच्या हितासाठी. आतापर्यंत नऊ. (चाकं धरून.)

१६ मार्च, रविवार
मुलाखतीची उत्तरं तयार झाली. हिच्या फोटोसमोर बसून दिली. हिची आयुष्यभर एकच तक्रार होती : तुम्ही मनात बोलता आणि मी ऐकलं असं धरून चालता. आज मध्येच थांबवून ‘काय म्हणालात’ असं कोणी विचारलं नाही. उत्तरं सलग झाली.

१९ मार्च, बुधवार
मुलाखत उत्तम. तपशील लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील.

दोन साहेब, एक मॅडम. तुम्हालाच का घ्यावं, असं विचारलं. चादरीला चार कोपरे असतात आणि माणसाला हात दोनच, तेव्हा उरलेले दोन हात नीट शोधणं म्हणजे मॅनेजरचं काम, हे माझं उत्तर. तिघंही गप्प झाले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग, माणसांचं आपसात पटलं नाही तर काय कराल? यावर माझं उत्तर : मी अकरा वर्षं एकाच माणसासमोर उभा होतो, एकदाही भांडण नाही, कारण आम्ही एकमेकांकडे बघत होतो. पंख्याचा वारा थेट अंगावर येत होता. तो कमी करायला सांगितलं, अधिकारवाणीने. अकरा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

काल वादळ तासभर वर होती. तिचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. कसली तरी तक्रार करत असावी.

मी खाली आलो तर रोलरवर माझ्या जागी जोडीदार. माझ्यासाठी मशीन थांबायला नको म्हणून स्वतः उभा राहिला म्हणे. बाह्या दुमडलेल्या. तो काहीतरी म्हणाला, वादळ हसली, दोघं चादर घेऊन एकमेकांकडे चालत आले. कोपऱ्याला कोपरा. एक सुरकुती नाही. माझ्याबरोबर तिची एकही घडी अशी बसलेली नाही.

मॅनेजरने रोलरवर उभं राहू नये. चूक क्रमांक चौदा.

आजवरचं सगळ्यात मोठं पित्त. खुर्ची पाहूनही एवढं झालं नव्हतं. आणि चहा आज एकच घेतला होता.

२१ मार्च, शुक्रवार
वादळाकडे पित्ताची गोळी मागितली. म्हणाली, काका, तुमच्या या दुखण्यावर गोळी निघालेली नाही. तरुण मुलांना औषधांची माहिती नसते.

मॅनेजर झाल्यावर : १. खुर्ची बिनचाकांची मागायची. २. कप चालेल. ३. जोडीदाराला पायऱ्यांवर जेवायला बोलवायचं. मी बोलावलं तर ते वेगळं.

२४ मार्च, सोमवार
वादळाला घेतलं.

जोडीदाराने केबिनमध्ये बोलावून दार लावलं. कपातून चहा दिला. म्हणाला, अरे, तू बोलला का नाहीस? वरचे म्हणतात, माणूस चांगला आहे, पण अकरा मिनिटांत तीनदा हो म्हणाला आणि एकदा पंखा कमी करा म्हणाला. मी बोललो असं त्याला सांगितलं. मग त्याने विचारलं, काय बोललास? घरी लिहून ठेवलं आहे, वही आणून दाखवतो, असं मी म्हणालो. म्हणजे, म्हणालो की नाही, याची आता खात्री नाही. तो खुर्चीसकट घरंगळत माझ्यासमोर आला.

शेवटी म्हणाला, तू न बोलता मला सगळं कळायचं, म्हणून मी वर सांगून बसलो की हा चांगला बोलतो. चूक माझीच.

म्हणजे चूक क्रमांक पंधरा, त्याने स्वतः कबूल केलेली. यादीत लिहिली नाही.

कपाचा कान लहान आहे. बोट जात नाही.

३० मार्च, रविवार
वादळ वर गेल्यापासून समोर रोज वेगळं माणूस असतं. शुक्रवारी डबा परत देताना जोडीदाराला म्हणालो की वहिनींना सांग, चांगला होता. त्याने कान पुढे केला. रोलर चालू होता. पुन्हा म्हणालो, मोठ्याने. तो हो म्हणाला.

आज घरच्या चादरी बाहेर काढल्या. सात निघाल्या. पहिलीच मोठी, डबल. दोन कोपरे हातात धरले, दोन खाली लोंबत राहिले. हनुवटीखाली मध्य धरून पाहिला, तिरकी झाली. मग समोरचे दोन कोपरे कपाटाच्या दारात अडकवले, मागे सरलो आणि ताणली. दार उघडलं, चादर अंगावर आली.

दाराला खुर्ची लावली. पुन्हा मागे सरलो, ताणली, आणि कपाटाकडे चालत गेलो. कोपऱ्याला कोपरा लागला.

सहा राहिल्या.