सातवीसाठी पंधरा नावं

३ मार्च १९९४, गुरुवार

वन्नी मावशी गावात आली. निकालाला अजून तीन आठवडे आहेत — आणि ही आत्ताच! तीच चंदेरी गाडी, गळ्यात तेच जाडजूड सोनं, पोरांना वाटायला बिस्किटांचे पुडे. दरवर्षी सहावीच्या मुली शाळेतून सुटायच्या सुमाराला येते. "दक्षिणेत हॉटेलांत कामाला मुली हव्यात," म्हणते. कसली हॉटेलं आणि कसलं काम, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी विचारत नाही. मी चियांग रायपलीकडच्या या डोंगरगावात सात वर्षं शिकवतेय. मीही विचारलेलं नाही.

मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं. गाडी इन्ताच्या घरासमोर उभी. त्याची धाकटी, फिकुन, माझ्या वर्गात आहे. बारा वर्षांची. गणितात पहिली, अक्षर मात्र कोंबडी नाचल्यासारखं.

दुपारभर हातातला खडू तुटत राहिला.

४ मार्च

फिकुनला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कोण पाहुणे?"

"वन्नी मावशी. तिनं माझे दात बघितले, बाई. आणि केस सोडायला लावले."

दात! बाजारात रेड्याचे बघतात तसे!

७ मार्च, सोमवार

शेवटी गेले इन्ताकडे. घराखालच्या सावलीत लसणाच्या जुड्या टांगलेल्या, सगळीकडे तोच वास. इन्ता टोपली विणत होता. मान वर न करता म्हणाला, "कशाला आलात ते कळतं, बाई. घेतलेत पैसे. आता बोलून काय?"

घेतलेत! भात हिरवा असतानाच व्यापारी पैसे देऊन पीक बांधून ठेवतात, तशी पोरगी सहावीत असतानाच बांधून ठेवली.

मी म्हटलं, "इन्तादादा, ती वर्गात पहिली आहे. सातवीत घाला तिला."

"सातवी आहे कुठं? तालुक्याला. अठरा किलोमीटर. तुम्ही नेणार का रोज पाठुंगळीवर?" मग छपराकडे बोट. निळी चकचकीत कौलं. "थोरलीनं बांधलं हे. आईबापाचे पांग फेडले तिनं. धाकटीनं नको फेडायला?"

थोरली, अंफाई, तिथेच मागावर बसली होती. सहा वर्षांनी जानेवारीत घरी परत आलीय. एकोणीस वर्षांची. धोटा एका लयीत चालला होता. इन्ताचं बोलणं संपलं आणि धोटा क्षणभर थांबला. मग परत सुरू.

बायको बुआकाम. तिनं पाणी दिलं, मियांगची चघळायची पानं पुढे केली. एक शब्द बोलली नाही. मी निघाले तेव्हा पायऱ्यांपर्यंत आली.

८ मार्च

अठरा किलोमीटर. दिवसभर हेच डोक्यात. त्याचं खरं आहे, याचाच राग येतोय.

१० मार्च

रजा टाकून तालुक्याला. शिक्षणाधिकाऱ्यांनी दोन तास बाकावर बसवून ठेवलं. मग म्हणाले, "पंधरा मुलांची नावं आणा. पालकांच्या सह्या-अंगठ्यांसकट. बसायला जागा दाखवा. सातवी तुमच्याच गावात उघडून देतो."

मला घालवायला बोलले ते. कळलं मला! पण बोलले तर खरे. कारकून साक्षीला होता. मी त्याला म्हटलं, "तारीख टाकून लिहून द्या." दोघांचे चेहरे बघण्यासारखे!

१४ मार्च

शेतं साफ करायला पेटवलेले डोंगर जळताहेत. धुरानं सूर्य लाल, डोळे चुरचुरतात. संध्याकाळी पाच ते सात घरं फिरते. चार दिवसांत चार नावं. त्यातली तीन मुलग्यांची.

विहिरीवरच्या बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात —

"पगार सरकारचा आणि उपदेश आपला!"

"स्वतःला लेक असती तर कळलं असतं, पोट काय असतं ते."

वाटेत उत्तरं सुचत राहिली. घरी येऊन भात लावला, त्यातही लक्ष नाही. करपला.

१८ मार्च, शुक्रवार

शाळा सुटल्यावर वह्या तपासत होते. दारात अंफाई. आत आली, पुढच्या बाकावर बसली. गुडघे मावेनात. तिरकी होऊन बसली.

"मी इथंच बसायची, बाई. आठवतं?"

आठवत होतं. माझ्या पहिल्या वर्षाची पहिली सहावी. तिला भूगोल आवडायचा.

खिडकीकडे तोंड केलं. मग बोलायला लागली, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. दाराला बाहेरून कुलूप असायचं. पहिल्याच वर्षी नावसुद्धा बदललं, तेही दुसऱ्यांनीच. बाकीचं ती बोलली नाही. मी विचारलं नाही. हे मात्र लिहून ठेवते —

"पहिले दिवस मी मनात तुम्हाला पत्र लिहायची. एकदा कागदही मिळाला, पेन्सिलही मिळाली. शाळेचं नाव लिहिलं. पुढं काय लिहायचं? तालुका कुठला, जिल्हा कुठला... आम्ही नुसतं 'गाव'च म्हणायचो ना. कागद तसाच राहिला."

मी म्हटलं, "मी तेव्हा—"

"तुम्ही फाटकापर्यंत आला होतात. हात हलवलात. म्हणालात, पत्र पाठव."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

जाताना म्हणाली, "फिकुनला नको." बस, एवढंच.

१९ मार्च

चोवीस वर्षांची होते मी तेव्हा. नवी होते. कोणी सांगितलं नव्हतं — खोटं! माहीत होतं. गाडीतल्या चार मुलींचे नवे कपडे बघून 'छान दिसता' म्हणाले होते मी.

आज काहीही धड झालं नाही. अंगण दोनदा झाडलं.

२१ मार्च

अभ्यासक्रम ठेवला बाजूला. सहावीला आज एकच धडा, पूर्ण पत्ता. गाव, तालुका, जिल्हा, शाळेचा पिनकोड, विहाराच्या कचेरीतला फोन. दहा वेळा लिहून घेतला, मग डोळे मिटून म्हणायला लावला. पोरं हसून हसून बेजार. एकानं चालीवर बसवला. बसवू दे! चालीवर राहतो लक्षात.

फिकुन म्हणाली, "बाई, पण आम्ही तर इथंच राहतो. आम्हाला कशाला पत्ता?"

पाठमोरी होऊन फळा पुसला.

२५ मार्च

निकाल. फिकुन पहिली. बाप आला नाही, बुआकाम आली. प्रगतिपुस्तक उलटं धरून बराच वेळ बघत उभी होती. मी सरळ करून दिलं नाही. धीर झाला नाही.

नावं आठ.

३० मार्च, बुधवार

हे आजच लिहायला हवं.

भंतेंकडे गेल्या आठवड्यात गेले होते. आमच्या विहारातले भंते म्हातारे, कमी ऐकू येतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू." मला वाटलं, संपलं. आणि आज विहारात सगळा गाव बोलावला!

म्हणाले, "यंदा स्तूपाला सोन्याचा मुलामा द्यायचा होता. तो राहू दे. प्रवचनाचा मंडप सातवीला देऊ. दुपारचा भात विहारातून. वह्या-पुस्तकं मुलाम्याच्या दानातून. कोणाची हरकत?"

हरकत कशी घेणार कोणी! पण नावही कोणी देईना. सगळे चटईकडे बघताहेत. मुखियाच म्हणाला, "भंते, पोरी शिकल्या तरी शेवटी करायचं काय? दक्षिणेत गेल्या त्यांची काही वाईट झाली नाही. घरं बघा की त्यांची."

तेवढ्यात मागून बायकांतून अंफाई उठली. मला वाटलं, बाहेर चालली. उभीच राहिली.

"मुखियाकाका, त्या घरात मी सहा वर्षांत एक दिवस राहिले नाही. आता राहते, तर छपराकडे बघवत नाही."

बसली.

मग लसणाची शेती करणारी ती थोराड फोंगकाकू, विहिरीवर मला सगळ्यात जास्त बोलणारी, ती उठून पुढे आली. "बाई, माझ्या नातीचं नाव घाला." तिच्या मागून आणखी एक. मग तर मला लिहायला कागद पुरेना!

चौदा. पंधरावं इन्ता देईना. भिंतीला टेकून बसलेला. सगळे उठले तरी तो बसून.

१ एप्रिल

भंतेंनी इन्ताला बोलावून सांगितलं, मावशीचे पैसे विहार परत करील. मी होते तिथे. इन्ताचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मी भिकारी नाही, भंते. बुद्धाच्या स्तूपाचं सोनं माझ्या पोरीसाठी वळवू नका. माझं मी बघतो."

काय बघणार? गाडी नव्या वर्षाच्या सणानंतर येणार आहे म्हणे.

५ एप्रिल

काही नाही. धूर.

९ एप्रिल

इन्ताच्या घरासमोरून आज चार वेळा गेले. चौथ्यांदा कुत्रंही भुंकलं नाही.

१३ एप्रिल

नव्या वर्षाचा पहिला दिवस. रस्ताभर पाणी! मुखियाच्या डोक्यावर फोंगकाकूनं अख्खी बादली रिकामी केली — "धुवा काका, सगळं धुवा!" लोक हसले, तोही हसला. दुसरं करणार काय.

दुपारी फिकुन आली. रीतीप्रमाणे माझ्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं. मी आशीर्वाद पुटपुटत होते, तेवढ्यात तिनं कमरेच्या गाठीतून कागद काढला. ओलाचिंब. सातवीचा फॉर्म. खाली इन्ताची सही!

"बाबा म्हणाले, जा म्हणून. मावशी आता यायची नाही."

"पैसे?"

"सोय झाली म्हणाले."

मी तिला तिथेच, ओल्या अंगानं, मिठी मारली. पंधरा! पंधरा! रेडा विकला असेल. नाहीतर मळा गहाण टाकला असेल. काय बोलले मी त्या माणसाला मनातल्या मनात, महिनाभर! चुकले.

१८ एप्रिल

अंफाईचं छान झालं. चियांग रायला शिवणाचा वर्ग आहे, मुलींना राहायलाही देतात. मीच सांगितलं होतं तिला, पण ती हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. आज स्वतः आली. "चिठ्ठी देता, बाई? आजच निघते." तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या. दोन पानं लिहून दिली. माझी चांगली कात्री दिली. बसपर्यंत गेले. फिकुन तिचा हात सोडेना, रडून डोळे सुजले पोरीचे. मी म्हटलं, "अगं वेडे, तीन तासांवर तर आहे!"

किती दिवसांनी आज शांत वाटतंय.

२ मे

मंजुरीचा कागद आला. शिक्षणाधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का. आज वाचला सात वेळा.

१६ मे, सोमवार

सातवीचा पहिला दिवस. मंडपाला भिंती नाहीत. कोंबड्या आत येतात, वाऱ्यानं फळा हलतो. सोळा मुलं — शेवटी मुखियानंही भाचीला पाठवलं! नऊ मुली. भंते मागे बसून ऐकत होते. कानाला हात लावून. बीजगणित!

जेवणाला चिकट भात, मिरचीचा ठेचा, उकडलेला भोपळा. बुआकाम वाढायला आली होती. सगळ्यांना वाढलं तिनं. लेकीच्या ताटात वाढताना हात थांबला, तशीच उभी राहिली. आनंदानं असेल.

फिकुनचं मात्र लक्ष नाही. साधी बेरीज चुकली. होईल सवय.

२४ मे, मंगळवार

शिवणवर्गाच्या बाईंचं पत्र काल आलं. या नावाची मुलगी आमच्याकडे आलीच नाही.

लगेच फिकुनला बाजूला घेतलं. जमिनीकडे बघत म्हणाली, "ताईनं शपथ घातली होती. मावशीला पैसे परत नको होते, बाई. ती म्हणाली, माणूस कबूल केलंय, माणूस द्या. तर ताई म्हणाली, मी येते. हिला सोडा."

आणि मी दोन पानं लिहून दिली.

दक्षिणेतल्या त्या बंदराचं नाव फिकुनला पाठ आहे, गल्लीचंही; ताईनं जाताना पाठ करून घेतलं होतं. भंतेंनी तिथल्या विहारातल्या भिक्खूंना तार केली. वर्ग फोंगकाकूवर सोपवला — नुसतं बसून राहा, म्हटलं, एकही पोर हलू देऊ नका.

आज सकाळी सहाची, दक्षिणेची बस; हे बसमध्येच लिहितेय. थांब्यावर बुआकाम आधीच उभी! केळीच्या पानात बांधलेला भात, अंगावर सणाचं लुगडं. नवऱ्याला विचारून आलीस का, म्हटलं. मान हलवली — नाही.

"त्या शहरातल्या पाट्या मला वाचता यायच्या नाहीत, बाई," म्हणाली. "तुम्ही वाचा. हाका मी मारीन."