डाव्या अंगठ्याखालचं बटण

८ नोव्हेंबर १९८७, रविवार
आजपासून शाळेच्या कॉम्प्युटरवर माझं मी लिहिणार. शाळेतले सर म्हणाले, वाचणार नाही, लिहिलेलं कॉम्प्युटरच्या कॅसेटवर साठवून ठेवीन फक्त. खिडकीकडे तोंड करून बसलेत बिचारे. पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात, उजेड एकेकावरून सरकतो. हवं ते आलं की डाव्या पायाच्या अंगठ्याखालचं घंटीचं बटण दाबायचं. बाकीचं अंग माझं ऐकत नाही, जीभ तर नाहीच. अंगठा ऐकतो. दोन ओळींना पाऊण तास. म्हणून नावं छोटी. ल. म्हणजे धाकटी बहीण लता. ती अभ्यास करायची, मी शेजारी पडून तिच्या पुस्तकात बघायची. तशीच वाचायला शिकले. घरात कुणाला पत्ता नव्हता, सरांनी ओळखलं.

१५ नोव्हें.
शाळेच्या या खोलीत जोडे काढून यायचं असतं. कॉम्प्युटरला हार. वर मखमली झाकण. मला जोडेच नाहीत. सरांनी उन्हाळाभर बसून ठिपक्याला ठिपका जोडून मराठी अक्षरं केली. तरी हेडमास्तर दर वेळी दारातून, "सरकारी वस्तू आहे, बिघडली तर?" वापरलीच नाही तर बिघडणार नाही, हे मात्र खरं.

२२ नोव्हें.
वीज गेली. लिहिलेलं सगळं गेलं. शिवी द्यायची होती, तर बटण बंद.
पुन्हा. गेल्या रविवारी आईला लिहून दाखवलं, 'चहात साखर कमी घाल.' एकोणीस वर्षं पाक पाजतेय. ती रडली. घरी जाऊन नारळ फोडला. तेव्हापासून मी चमत्कार. शेजारची काकू उशाशी बसून, "पुष्पे, सांग ना वं, मले पोरगा होईन का पोरगी?" उत्तर रविवारी लिहून आण म्हणाली.
सरांनी आठ गणितं दिली, सात बरोबर आली. आठवीच्या परीक्षेला बाहेरून बसवतो म्हणतात. त्याचं घरात कुणालाच काही नाही.

२९ नोव्हें.
गुरुवारी पांढुर्ण्याहून ल. ला बघायला आले. कापडाचं दुकान आहे त्यांचं. मला मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीमागे टाकलं. आई म्हणाली, "आवाज नको काढजो, माय." मुलाच्या मामांनी विचारलं, "पोरी किती तुम्हाले?"
बाबा म्हणाले, "एकच."
तहसील कचेरीत बाबू आहेत. मोजण्यात चुकत नाहीत.
मी आवाज काढला नाही.

६ डिसें.
पसंती आली. ल. म्हणते मुलगा हसताना खालचा ओठ दाबतो. एवढी खूश तिला कधी पाहिली नव्हती. मला तिचा राग येतो. मग माझा येतो. मग परत तिचा.
आज हातगाडी आईने एकटीने ढकलली. भाजीवाल्याची गाडी, त्यावर सतरंजी, त्यावर मी, भर बाजारातून. सगळं सौंसर गाव बघतं. ल. चं डोकं दुखत होतं म्हणे. आजवर एकाही रविवारी तिचं डोकं दुखलं नव्हतं.

२० डिसें.
गेल्या रविवारी मला आणलंच नाही. आज सर स्वतः हातगाडी घेऊन आले, आई नाही म्हणू शकली नाही.
कारण कळलं. मुलाची आत्या इथेच बाजारात राहते. तिने मला गाडीवर पाहिलं आणि कुणाची म्हणून विचारलं तर लग्न मोडेल. म्हणून मला रामाकोन्याला मावशीकडे पाठवायचं. बाबा म्हणतात लग्नापुरतं. पण आई माझी रजई, थाळी, उन्हाळ्याचे कपडेसुद्धा बांधते आहे. लग्न माघात आहे. लग्नापुरते उन्हाळ्याचे कपडे लागत नाहीत.
मावशी वाईट नाही. वासराशी बोलते तशी माझ्याशी बोलते, मायेनेच. तिथे कॉम्प्युटर नाही. तिथे गेले की परत मुकी. आठवीचं तर नावच सोडा.
सर, हे वाचा. मीच सांगते आहे, वाचा.

२७ डिसें.
सर घरी आले होते. म्हणाले, "बाबूजी, तिला विचारलं का?"
"तिले काय विचारा लागते?"
"आता ती सांगू शकते."
बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. येतो रविवारी. विचारतो."
सर खुशीत. मी नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारणार, तेही हे. इतके दिवस माझ्यावर लादायचे, तर लादलंय हे निदान सगळ्यांना ठाऊक असायचं. आता माझ्याच अंगठ्याने 'हो' लिहवून घेतील आणि जन्मभर सांगतील, तिनेच लिहिलं.
काल दुपारी ल. माझे केस विंचरत होती. म्हणाली, "ताई, हो म्हणशीन ना वं?" हात थांबला होता तिचा. मला अक्षरं तिच्यामुळे आली. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. तिला काय वाटलं कोण जाणे.

३ जानेवारी १९८८
बाबा आलेत. सर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.
बाबांनी विचारलं, "पुष्पे, जाशीन का मावशीकडे? लताच्या भल्यासाठी." विचारून खाली बघत राहिले. त्यांचं वाईट वाटलं, याचाही राग आला.
आता माझ्या मागे उभे राहून एकेक अक्षर वाचत आहेत. म्हणतात, "एवढं काय लिहून राहिली? हो का नाही, तेवढंच सांग."
तेवढंच नाही, बाबा. एकोणीस वर्षांचं आहे.
खुर्ची घ्या. बसा. मला वेळ लागतो.