दूध कशाने गोठते

जव्हार, पौष शुद्ध पंचमी. सकाळी चौदा मुले घेऊन गवळ्याच्या गोठ्यावर गेलो. तिथून पनीर करणाऱ्या पारसी शेठच्या पडवीत, मग त्याच्या दुकानात. दुपारी शाळा सुटली. चारच्या सुमारास एका मुलीचे वडील, गावातले वकील, माझ्या घरी आले.

गुरुजी, मी तुमच्या वर्गात होतो तेव्हा पनीर कसे होते हे तुम्हीच आम्हाला याच वाटेने नेऊन दाखवले होते. म्हशीची धार, कोमट केलेले दूध, मग बांबूच्या लहान टोपल्यांत निथळणारे पांढरे गोळे. त्या टोपल्या माझी आई विणते, म्हणून मी सगळ्यांच्या पुढे उभा आहे. कोणीतरी विचारते, दूध कशाने गोठते? तुम्ही म्हणता, "लिंबाने." मी म्हणतो, "नाय गुरुजी. करडाच्या पोटाची सुकी पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी घालतात. आयेसंगं आलो तवा मी पाहलंय." खोटारडा म्हणून तुम्ही मला दिवसभर वर्गाबाहेर उभे केलेत. शाळा सुटल्यावर जवळ बोलावून म्हणालात, "खरं तुझंच आहे. पण करडाच्या पोटाजवळ पोरं नेली हे गावात कळलं तर उद्यापासून कोणी मुलं पाठवणार नाही. तुला शिकायचंय ना?" मी मान हलवली.

आज मी ती पट्टी शेठकडून मागून घेतली आणि मुलांच्या हातात दिली. वकिलांच्या मुलीने नाक दाबले. जामसरचा पोरगा म्हणाला, "त्यात काय, मास्तर? आमी तं भाजून खातांव." सगळी हसली, तीही हसली.

चारला घरी आलेले तिचे वडील मात्र हसले नाहीत. "पोरांना आतडी दाखवायचा पगार मिळतो का तुम्हाला? उद्या वर्गात सांगा, चुकून बोललो, लिंबू पिळतात म्हणून. नाहीतर संस्थानच्या दरबारात अर्ज जाईल."

"आतडं नाही, पोट," मी म्हणालो. तेवढेच सुचले.

अर्ज जाऊ दे. नोकरी गेली तरी मी उद्या लिंबू म्हणणार नाही. तुम्ही शाळा राखलीत आणि त्या शाळेत मी शिकलो, हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलांसमोर मला खोटारडा म्हणालात, त्यांच्यासमोर ते कधी मागे घेतले नाहीत. मी उद्या शब्द फिरवला, तर जामसरच्या त्या पोराने आज हातात धरलेले खोटे ठरेल. ते माझ्या हातून होणार नाही.

एक मात्र कबूल करतो. वकील गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली आणि ती पुन्हा पुन्हा तपासली. तुम्हीही घाबरला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

हा कागद तुम्हाला पाठवत नाही, ट्रंकेत ठेवतो. आता तांदूळ निवडायचे आहेत, एकट्यापुरते.