बरोबर रस्ता, चुकीचं पाणी

१७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आजपासून नियमित लिहायचं. साठी आली की माणसानं आपल्या विचारांची नोंद ठेवावी.

सकाळी लाल अंडी फोडताना आई म्हणाली, ल्युबेन, मला एकदा गावी ने. गाव म्हणजे दोल्नी ब्रोद. माझ्या जन्माच्या सुमारास ते धरणात गेलं. आता तिथे फक्त पाणी. आई म्हणाली, काठापर्यंत तरी. पितरांच्या शनिवारी ने, गहू ठेवते आणि मेणबत्ती लावते.

म्हटलं, नेतो की. अर्ध्या स्लिव्हेन शहराला गाडी चालवायला मी शिकवलंय. मला कोण रस्ता दाखवणार?

स्नेझाना लगेच म्हणाली, फोनवर रस्ता बघू. बायकोला मी शांतपणे समजावलं : फोनला विचारून गाडी चालवणं म्हणजे शेजाऱ्याला विचारून आपल्याच घरात जेवणं. वाक्य छान जमलं. ती हसली नाही. तिला विनोद कळायला वेळ लागतो.

पोटमाळ्यावरून बाबांचा नकाशा काढला. धरणाच्या आधीचा. त्यावर दोल्नी ब्रोद आहे. नदी, पूल, चर्च, गिरणी, सगळं जागच्या जागी. नवीन नकाशे तिथे निळा डाग दाखवून मोकळे होतात. हा प्रामाणिक आहे.

२२ एप्रिल

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून अभ्यास. आईला म्हटलं, आपलं घर दाखव. ती म्हणाली, कागदावर काय बघायचंय? मला माहीत आहे कुठेय ते. आणि न बघताच बोट टेकवलं. नकाशाच्या बाहेर, मिठाच्या भांड्याशेजारी.

वयोमान. मनावर घेतलं नाही.

३० एप्रिल

सरावासाठी तिघेही निघालो. स्नेझानानं फोन लावलाच. त्यातली बाई पहिल्याच वळणापासून हैराण करायला लागली : शक्य असेल तिथे मागे वळा. शक्य असेल तिथे मागे वळा. शेवटी फोन समोरच्या कप्प्यात कोंबला आणि झाकण लावलं. बाई आतून बोलतच राहिली. दबक्या आवाजात. कोणीतरी कोंडून घातल्यासारखी.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, कोण गं ती? काढा तिला बाहेर. किती वेळची विनवतेय.

तेवढ्यात आईनं सांगितलं, गिरणीपाशी डावीकडे. गिरणी नव्हती. दोन्हीकडे सूर्यफुलाची मोकळी शेतं. मी सरळ गेलो आणि यांबोलला पोहोचलो.

यांबोलला जायचं बरेच दिवस मनात होतंच. तिथले खिम्याचे भाजलेले केबापचे उत्तम होते. आईनं खाल्ले नाहीत.

घरी आल्यावर नकाशा पाहिला. जिथे आई बोलली, बरोबर तिथे गिरणीची खूण आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

७ मे

काल सेंट जॉर्जचा सण. कोकराचं मटण उरलं होतं, ते डब्यात घेऊन पुन्हा निघालो. या वेळी पद्धतशीर. नकाशा चार घड्या करून स्टिअरिंगवर चिमट्यानं लावला. फोन घरी.

सुरुवात फारच चांगली झाली. गिरणीपाशी (म्हणजे जिथे ती नाही तिथे) डावीकडे वळलो. मोहरीसारख्या पिवळ्या शेतातून कच्चा रस्ता. आईनं काच खाली केली आणि बाहेर बघून म्हणाली, बरे आहात ना स्तोइको काका?

बाहेर कोणीच नव्हतं. नुसतं पिवळं शेत, वारासुद्धा नाही.

स्नेझानानं छातीवर क्रूसाची खूण केली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, आई, गंमत करतेस होय? आई म्हणाली, गंमत कसली? माणसाच्या दारावरून न बोलता जायचं का? तुला काही रीत शिकवली नाही वाटतं मी.

नंतर चिखलात रुतलो. पाऊस नसताना तिथे चिखल कसा, हा प्रश्नच आहे. एक ट्रॅक्टरवाला ओढायला आला. त्यानं विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं, दोल्नी ब्रोद. तो दोर बांधता बांधता थांबला. मग म्हणाला, काका, मग गाडी कशाला आणली? होडी आणायची.

अशा लोकांशी वाद घालत नाही मी.

१५ मे

दुपारी डोळा लागला. स्वप्नात शिकवणीची गाडी. शेजारी स्टिअरिंगवर एक विद्यार्थी, नखशिखांत ओला. पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हते, इतका लहान. उजवीकडचा दिवा सारखा चालू-बंद. मी नाव विचारलं. तो नुसता बघत राहिला.

इतक्या लहान मुलाला लायसन्स मिळत नाही, हे मला स्वप्नातसुद्धा आठवलं. शिस्त म्हणतात ती ही.

ब्रेक दाबत जागा झालो. दुपारी राजमा खायचा नाही, हे ठरलं.

१६ मे

राजमा. पण थोडाच.

२ जून

उद्या पितरांचा शनिवार. नकाशावर रस्ता लाल पेन्सिलीनं आखून ठेवला. चुकायला जागाच नाही. स्नेझानाला स्पष्ट सांगितलंय : फोन आणायचा असला तर आण, पण तोंड बंद ठेवायचं. ती म्हणाली, फोननं की मी?

आईनं गहू उकडला. साखर, अक्रोड, वरून दालचिनी. एका मोठ्या वाडग्यात भरला आणि एका वाटीत वेगळा काढला. वाटी अगदी लहान, लोणच्याची. म्हटलं, ही कुणाला? म्हणाली, असू दे.

३ जून, संध्याकाळी

जे झालं ते क्रमानं लिहितो.

गिरणी, डावीकडे, पिवळं शेत. (आता तिथे फूल नव्हतं, शेंगा धरल्या होत्या.) आईनं पुन्हा स्तोइको काकांची विचारपूस केली. या वेळी मीही मान हलवली. त्यात काही विशेष नाही, मान आपोआप हलली.

चिखलाची जागा टाळून पुढे गेलो आणि रस्ता सापडला! जुनं डांबर, फुटलेलं, मधून गवत उगवलेलं, पण रस्ता! लाल रेघेवर तंतोतंत. दोन्ही बाजूंना पॉप्लरच्या झाडांचे तोडलेले बुंधे. मला भरून आलं. स्नेझानाला म्हटलं, बघ. कागद खोटं बोलत नाही. उपग्रहाला काय कळणार, तो वरून बघतो, त्याचे कधी पाय लागलेत का या मातीला? पुढे उतार आहे, मग पूल, मग चर्च...

ती म्हणाली, ल्युबेन, ब्रेक.

मी म्हटलं, चर्च अजून अर्धा किलोमीटर आहे.

ती किंचाळली, अरे पाणी!

तोवर पुढची चाकं आत गेली होती.

मला एवढंच नोंदवायचं आहे की नकाशा शंभर टक्के बरोबर होता. रस्ता पाण्याखाली तसाच सरळ जात होता. डांबर स्वच्छ दिसत होतं, त्यावरून छोटे मासे चालले होते. पाणी चुकीच्या जागी होतं. स्नेझानानं फोन माझ्या नाकासमोर धरला. निळ्यात आमचा बाण. बाई गप्प. तिलाही काही सुचत नसावं.

इंजिन बंद पडलं. मी रिव्हर्ससाठी धडपडत होतो तेवढ्यात मागचं दार वाजलं. आई उतरली. बूट काढून गाडीच्या टपावर ठेवले आणि हातात वाडगा, वाटी आणि मेणबत्ती घेऊन पाण्यात चालायला लागली. घोट्यापर्यंत. मग पोटऱ्यांपर्यंत. रस्त्याच्या मधोमध. तिचा पाय कुठेही अडखळला नाही.

मी बुटांसकट मागे धावलो.

ती थांबली आणि रिकाम्या पाण्याकडे हात करून सांगायला लागली. हे दोब्रीचं घर. त्याचा कुत्रा चावतो, कडेनं जा. हा गुत्ता. ती विहीर. तिथे पुलावर तुझ्या बाबांनी मला लग्नाचं विचारलं, आणि मी म्हटलं, आधी दाढी करून ये. हसली. मग तिनं मोठ्या वाडग्यातला गहू मुठीमुठीनं पाण्यावर टाकला. एकेक नाव घेऊन. पाणी अगदी स्थिर होतं. दाणे खाली जाताना दिसत होते.

मग लहान वाटी राहिली. ती दोन्ही हातांत धरून आईनं हाक मारली, ल्युबेन!

मी म्हटलं, काय गं आई? इथेच आहे मी.

ती वळली नाही. म्हणाली, तुला नाही.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

आई म्हणाली, तुझ्या आधीचा. चार महिन्यांचा होता, घसा धरला आणि गेला. चर्चच्या मागे भिंतीलगत ठेवला त्याला. मग धरणाचे लोक आले. मोठ्यांची हाडं उकरून टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत नेली. लहानांवर दगड नव्हते रे, नुसती मातीची ढेकळं. ते म्हणाले, यांचं कुठे काय शोधत बसणार. पाणी चढायला लागलं तेव्हा तू माझ्या पोटात होतास. तुझे बाबा म्हणाले, निदान त्याचं नाव तरी कोरडं राहू दे.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस.

ती म्हणाली, रोजच तर हाक मारत होते.

त्यानंतर मी गाडी बघायला परत गेलो. कोणीतरी गाडी बघायलाच हवी होती. बॉनेट उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं. बराच वेळ बघितलं. स्नेझाना येऊन शेजारी उभी राहिली. तिनं विचारलं, सापडलं का काही? म्हटलं, ओल आहे. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सांगितलं, इंजिनाच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. इंजिन गार होतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

काठावर गळ टाकून बसलेला एक माणूस जीप घेऊन आला. म्हणाला, काय काका, गाडीला पोहायला शिकवताय का? मग त्याला पाण्यातली म्हातारी दिसली, पेटवलेली मेणबत्ती दिसली. त्यानं टोपी काढली आणि आई बाहेर येईपर्यंत गाडी ओढायच्या दोराला हात लावला नाही.

येताना फोन लावला. नकाशा भिजला होता म्हणून, दुसरं कारण नाही. बाई वाटेत नीट बोलली. उजवीकडे. सरळ. डावीकडे. तिचं एक चांगलं आहे, ती कुणाला नावानं हाक मारत नाही.

५ जून

विजेच्या कंपनीच्या माणसानं कागदावर सही मागितली. केली. मग सहीकडे बघत राहिलो. कुणाचा तरी कोट घालून आयुष्यभर हिंडावं आणि आज खिशात हात घातल्यावर हाताला हात लागावा, तसं. तो माणूस म्हणाला, साहेब, पेन.

ठरवलं : या विषयावर विचार करायचा नाही.

६ जून

दिवसभर विचार केला नाही. स्नेझानाला तसं चार वेळा सांगितलंही.

९ जून

स्नेझानाची तक्रार : हाक मारली की तू ओ द्यायला वेळ लावतोस. कान दाखवून आलो. डॉक्टर म्हणाला, कान विशीतल्या पोरासारखे आहेत. या डॉक्टरला विशेष कळत नाही, हे मी पूर्वीपासून म्हणतोय.

खरी गोष्ट एवढीच की आई स्वयंपाकघरातून "ल्युबेन" म्हणाली की मी जरा थांबतो. दुसऱ्या कुणाला बोलावत असेल तर मध्येच कशाला जायचं? साधी सभ्यता आहे.

११ जून

सकाळी आईनं हाक मारली. थांबलो. पुन्हा मारली. घरात कोणी हललं नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बहिरा झालास का रे? पाव संपलाय, घेऊन ये.

म्हणजे मीच होतो. गेलो.

बेकरी दोन गल्ल्या सोडून आहे. जन्मभर त्याच बेकरीतून पाव आणतोय. पायी निघालो, कुठेतरी वळलो, आणि अनोळखी घरांसमोर उभा राहिलो. एका कुंपणापाशी उगाचच म्हणालो, बरे आहात ना?

आत खरोखरच एक बाई कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, बरी आहे. कोण हवंय आपल्याला?

शेवटी बेकरीचा रस्ता विचारला.