धक्क्यावरून परत न फिरलेली

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. सुलेखामावशीस,
अहिल्येचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अलीकडे नीट ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते, असे मी आईला सांगितले आहे. खरे कारण असे, की हे तोंडाने सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

तू जिचे मराठी रूपांतर केलेस, तीच कादंबरी या सत्रात आम्हांला अभ्यासाला आहे. शंभर वर्षांची झाली तरी इथल्या शाळा-महाविद्यालयांतून ती हटलेली नाही. मंगळवेढ्याला असताना मी तुझे पुस्तक इतक्या वेळा वाचले, की परीक्षेच्या दिवसांत आई ते लपवून ठेवी. त्यामुळे इंग्रजी प्रत घेतली खरी, पण शेवटची प्रकरणे वाचलीच नाहीत. ती मला पाठ होती. नेहमी पहिली येण्याची सवय माणसाचे असे नुकसान करते.

मंगळवारी आमच्या प्राध्यापिका हॉलोवेबाईंनी शेवटाविषयी विचारले. तोवर मी वर्गात एकदाही बोलले नव्हते. त्या दिवशी हात वर केला. वखारवाल्याची बायको ट्रंक घेऊन सरोवराच्या धक्क्यावर येते, बोटीत चढते आणि मागे वळूनही पाहत नाही, यातच या कादंबरीचे मोठेपण आहे, असे मी बराच वेळ सांगत राहिले. वर्ग शांत होता. मला वाटले, छाप पडली. मग शेजारच्या रुहीने शेवटचे पान उघडून हळूच माझ्यापुढे सरकवले. बोट निघून जाते. बाई ट्रंक उचलून घरी येते आणि चूल पेटवते. ती परत का फिरली, यावरच इथे तीन पिढ्या वाद घालत आल्या आहेत.

एवढी लाज मी गिळली असती. पण मराठीत हा बदल कोणी केला, असे बाईंनी कुतूहलाने विचारले. मी म्हणाले, असेल कुणी वेळ जात नसलेली गृहिणी, तिला इंग्रजी समजले नसेल. वर्ग हसला. मीही हसले. नाव विचारले, तेव्हा आठवत नाही म्हणाले. मावशी, ते पुस्तक त्या वेळी माझ्या पिशवीत होते.

लोभ मागण्याचा अधिकार आज मला नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझी
अहिल्या


शॉमबर्ग, इलिनॉय
१९ सप्टेंबर २०२४

चि. अहिल्येस,
अनेक शुभाशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग जरा लागले, मग चहा केला. ‘वेळ जात नसलेली गृहिणी’ अगदी बरोबर. ‘इंग्रजी समजले नसेल’ हे मात्र मागे घे. ते पान मला चांगले समजले होते.

देवांग पाळण्यात होता, प्रतापकाका दिवसरात्र हॉस्पिटलात, बाहेर गुडघाभर बर्फ. रोज एक पान मराठीत आणायचे, एवढाच माझा विरंगुळा. शेवटच्या पानावर आले आणि त्या बाईला परत फिरवणे माझ्या हातून होईना. कारण मी फिरले होते. देवांगला घेऊन, तिकीट काढून एअरपोर्टपर्यंत गेले होते, आणि टॅक्सीने घरी येऊन कुकर लावला होता. निदान ती तरी जाऊ दे, असे वाटले.

पुढे देवांगला हायस्कूलमध्ये हीच कादंबरी आली, आणि निबंधालाही ती परत का फिरली, हाच प्रश्न. मॉम, यू मस्ट नो, म्हणून मागे लागला. मी डिशवॉशर भरत राहिले. शेवटी काकांनी त्याच्याबरोबर बसून ती वाचली.

म्हणून एक ऐक. माझे नाव वर्गात सांगू नकोस. काकांनी माझ्या पुस्तकाच्या प्रती अख्ख्या महाराष्ट्र मंडळात वाटल्या, ‘आमच्या मिसेसने लिहिलंय’ म्हणून. पण स्वतः कधी उघडून पाहिले नाही. दोन्ही शेवट शेजारी ठेवले तर निदान करायला त्यांना वेळ लागायचा नाही, डॉक्टर आहेत. मी निघून जायला निघाले होते, हे या वयात त्यांना कळावे याची मला लाज वाटते. तुझ्यापेक्षा माझी लाज जुनी आहे, तेव्हा तिचा मान राख.

लोभाची काळजी करू नकोस. वेळेवर जेवत जा.

सुलेखामावशी


कॅरी
२६ सप्टेंबर २०२४

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज हाती आले, आणि मंगळवारीच मी सगळे सांगून बसले आहे.

आवाज कापेल म्हणून कागदावर लिहून नेले होते. ते पुस्तक माझ्या सख्ख्या मावशीचे आहे, तिचे नाव मला ठाऊक होते आणि मी खोटे बोलले, असे उभे राहून वाचले. कोणीही हसले नाही, ते अधिक कठीण गेले. हॉलोवेबाई मात्र हरखून गेल्या. तुझ्या शेवटावर व्याख्यान ठेवायचे त्यांनी तिथेच ठरवले आणि तुझ्या पूर्ण नावासह, दोन्ही शेवट शेजारी छापून, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाहीरही केले. तुझे पत्र वाचताच मी धावत गेले. त्यांनी ते लगेच काढले. पण रुहीच्या बाबांनी अभिमानाने ते आधीच मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवले होते. शिकागोला, तुमच्या मंडळातही पोहोचले असेल.

तुझे नाव लपवले तेव्हा चुकले, आणि सांगितले तेव्हाही. आता काय करावे, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

अहिल्या


शॉमबर्ग
४ ऑक्टोबर २०२४

चि. अहिल्येस,
अनेक शुभाशीर्वाद.

पोहोचले. काल जेवताना काकांनी तेच फोनवर माझ्यापुढे धरले. मी सबबी जुळवू लागले, तर म्हणाले, राहू दे, पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात मी ते वाचलं होतं. मूळ कादंबरी त्याआधीच, तू एवढी कशात गुंतली आहेस ते पाहायला.

मी विचारले, मग इतकी वर्षे एक शब्दही का नाही. म्हणाले, मी काय बोलणार, शेवट तुझा होता.

अहिल्ये, पुस्तक आले त्याच वसंतात यांनी मला ड्रायव्हिंग शिकवले आणि माझ्या नावावर एक जुनी गाडी घेतली. ग्रोसरीला नेण्याचा कंटाळा आला म्हणून घेतली, असे मी चारचौघांत आजवर टोमणे मारत आले. तेही हसत आले. काल म्हणाले, “तुला जायचंच असलं तर कुणाकडे लिफ्ट मागायला लागू नये, एवढंच वाटलं होतं.”

माझी लाज केवढी, हे मला काल कळले.

बाईंना सांग, नाव पुन्हा लावा. व्याख्यानाला आम्ही दोघे येतो. दोन दिवसांचा रस्ता आहे, काका शेजारी बसणार आहेत. गाडी मी चालवणार.

लोभ घेऊनच निघतो आहोत.

सुलेखामावशी